दोन वेगळ्या वह्या

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी पहाटे साडेपाचला सुरू केली, की पहिल्या मिनिटात सायलेन्सरमधून जे बाहेर पडतं ते पुढे कितीतरी किलोमीटर चालताना पडणाऱ्यापेक्षा घाण असतं. इंजिन थंड, सिलिंडरच्या भिंती थंड. पेट्रोलचा काही भाग वाफ न होता भिंतीलाच चिकटतो. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हे ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडतो आणि ते अर्धवट जळतं. हे सगळं साफ करायला बसवलेला कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तोवर गार असतो. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थराला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसची ऊब मिळाल्याशिवाय तो कामाला लागत नाही. नव्या गाड्या सुरू झाल्या झाल्या अर्धा-पाऊण मिनिट चढ्या आवाजात चालतात त्या याचसाठी. स्पार्क उशिरा द्यायचा, जळता गरम वायू तसाच पुढे ढकलायचा आणि कॅटकॉन लवकर तापवायचा, अशी ती योजना असते.

आणि नेमक्या याच मिनिटात पार्किंगमध्ये रेस देऊन आवाज ऐकायची आपल्याकडे हौस आहे. वरच्या मजल्यावर लहान मुलं झोपलेली असतात, खिडक्या उघड्या असतात. स्पोर्ट्स कारवर खरं प्रेम असेल तर ही सवय आधी सोडावी. इंजिनाचंही त्यात नुकसान आहे, कारण कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल गरम व्हायला आणखी आठ-दहा किलोमीटर लागतात. गाडी सुरू करावी, पट्टा लावावा, हळूच बाहेर काढावी आणि तेवढं अंतर ३००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आत चालवावी. उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन तापवणं कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. आजच्या इंजिनाला हलक्या पायानं चालत राहणंच मानवतं.

गाडीवेडे आणि त्यांच्यावर चिडणारे लोक भांडतात तेव्हा दोन हिशेब एकाच वहीत लिहिले जातात. तुम्ही पेट्रोल जाळता, असं एक म्हणतो. माझी गाडी पीयूसी पास आहे, असं दुसरा सांगतो. दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

पहिली वही लिटरची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यात गाडीच्या किमतीचा, ब्रँडचा, सर्व्हिसिंगचा काही संबंध नाही. कॅटकॉन तो वायू कमी करू शकत नाही आणि पीयूसीचं यंत्र त्यावर पास-नापास ठरवत नाही. जितके लिटर, तितकी नोंद.

दुसरी वही नळीची. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बारीक काजळी. यांचं प्रमाण लिटरवर ठरत नाही, गाडीच्या तब्येतीवर ठरतं. धड चालणारा कॅटकॉन पहिले तीन वायू ९० टक्क्यांहून अधिक निकामी करतो. याचा अर्थ उलट बाजूनं वाचा: तो काढून टाकला की तीच गाडी, तेवढ्याच पेट्रोलवर, दहापट किंवा त्याहून जास्त विष सोडते.

लिटरची वही आकड्यांत मांडून पाहू. रविवारी काढायची एक गाडी वर्षाला ३००० किलोमीटर पळते आणि लिटरला ९ किलोमीटर देते असं धरा. वर्षाचे ३३३ लिटर झाले, म्हणजे सुमारे ७७० किलो कार्बन डायऑक्साइड. रोज ऑफिसला जाणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर पळते आणि १५ चा ॲव्हरेज देते, तर तिचे १००० लिटर आणि २३०० किलो. ही तुलना स्पोर्ट्स कारवाल्याला मोकळं सोडण्यासाठी नाही. ७७० किलो काही शून्य नव्हे, आणि ते निव्वळ आनंदासाठी जाळलेले आहेत. पण रविवारच्या गाडीपेक्षा सोमवार ते शनिवारच्या गाडीत तिप्पट जळतं, हे त्याच वहीत दिसतं. ज्याला गाडी चालवण्याची आवड आहे त्यानं ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाण्यासाठी ती वापरूच नये. तिथे लोकल आहे, मेट्रो आहे, बस आहे. दारात दुसरी गाडी परवडत असेल तर ती इलेक्ट्रिक घ्यावी, कारण थांबत-थांबत जाण्यात तिच्यासारखी शहाणी गाडी नाही.

मुंबईत २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस पेट्रोलनं शंभरी ओलांडली. त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत दर हा शेवटचा शब्द असतो. पण वर काढलेले ३३३ लिटर शंभराच्या वरच्या भावानं धरले तरी तेहतीस-चौतीस हजार होतात. चांगल्या पकडीच्या चार टायरना जवळपास तेवढेच पडतात. भाव वाढला म्हणून हौशी माणूस गाडी विकत नाही. तो सर्व्हिसिंग लांबवतो, स्वस्त ऑइल टाकतो, मेलेला कॅटकॉन बदलण्याऐवजी पोकळ करून घेतो. महागाईचा खरा फटका असा नळीच्या वहीत पडतो, आणि यावर फार कमी बोललं जातं.

कॅटकॉनबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते.

गाडी चार हजार आरपीएमच्या पुढे दम टाकू लागली, की अनेक गॅरेजांत एकच उत्तर मिळतं: कॅटकॉन चोक झालाय, आतलं काढून टाकू, पिकअप वाढेल. छिन्नीनं आतली सिरॅमिकची जाळी फोडतात, डबा परत वेल्ड करतात आणि कॅटकॉनमागे वायू तपासणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक पोकळ बोल्ट, म्हणजे स्पेसर लावतात. सेन्सर वायूच्या झोतापासून दूर गेला की ईसीयूला वाटतं सगळं ठीक आहे, आणि चेक इंजिनचा दिवा लागत नाही. फोडलेल्या जाळीत महाग धातू असतात. ते भंगारात कोणाला विकले जातात, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

चोक झाल्याची खात्री करणं अवघड नाही. कॅटकॉनच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवायचा. गरम इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, असताना दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असेल, तर अडथळा तिथे नाही. दोष एअर फिल्टरमध्ये, फ्युएल पंपात किंवा टर्बोच्या फाटलेल्या होजमध्ये शोधावा. दुसरी चाचणी इन्फ्रारेड थर्मामीटरची. गाडी चांगली पळवून आणल्यावर कॅटकॉनच्या आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या टोकाचं तापमान मोजायचं. बाहेरचं टोक थोडं जास्त गरम असेल तर आत काम चालू आहे. ही चाचणी ढोबळ आहे, एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये. डब्यावर रबरी हातोडीनं हलकेच ठोकून पाहावं. आत खुळखुळ वाजलं तर जाळी तुटली आहे.

आणि तुटली असेल तर का तुटली हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. कॅटकॉन क्वचितच आपण होऊन मरतो. पावसाळ्यात इग्निशन कॉइलमध्ये ओल शिरली, एक सिलिंडर मिसिंग करू लागला, तर न जळलेलं पेट्रोल थेट कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे पेटतं. तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि जाळी वितळून तिचा गोळा होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला की अर्थ नेमका हाच असतो. तेव्हा लगेच पाय काढावा, हळू चालवत जवळचं गॅरेज गाठावं किंवा गाडी टो करून न्यावी. घरी पोचून बघू म्हणत चाळीस किलोमीटर दामटलेली गाडी एका कॉइलच्या खर्चाचं काम कॅटकॉनच्या खर्चावर नेऊन ठेवते. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस थरावर बसून तो हळूहळू निकामी करतो. मनिफोल्डचा गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, समजतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि कॅटकॉन त्या जादा पेट्रोलवर भाजत राहतो. साचलेल्या पाण्यातून तापलेली गाडी वेगात घातली तरी सिरॅमिकला तडा जातो.

ज्यांना खरोखर वायू मोकळा वाहायला हवा आहे त्यांच्यासाठी प्रामाणिक उपाय आहे. कंपनीच्या कॅटकॉनमध्ये चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० छिद्रं असतात. २०० छिद्रांचे धातूच्या जाळीचे स्पोर्ट कॅटकॉन मिळतात. ते महाग आहेत आणि सफाई थोडी कमी करतात, पण करतात. नव्वद-शंभर हॉर्सपॉवरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनात धडधाकट कॅटकॉन काढून जो फरक पडतो तो बहुतेक आवाजाचाच असतो. कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो, स्टॉपवॉच ते मान्य करत नाही. शिवाय कायद्याच्या बाजूनंही ही सुटका नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं.

पेट्रोलची टंचाई आणि गाडीवेड्यांवरचा राग नवीन नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये बीएमडब्ल्यूनं ‘२००२ टर्बो’ नावाची गाडी आणली. दोन लिटरचं इंजिन, १७० हॉर्सपॉवर, पुढच्या स्पॉइलरवर आरशात वाचता यावीत अशी उलटी अक्षरं. महिनाभरात अरब देशांनी तेलाची कोंडी केली. नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीनं रविवारी गाड्या चालवायला बंदी घातली, ऑटोबानवर काही महिने वेगमर्यादा लावली, आणि ही गाडी लोकांच्या रागाचा विषय झाली. एकूण १,६७२ गाड्या बनल्या आणि १९७५ मध्ये उत्पादन थांबलं. पण त्याच टंचाईच्या काळात फोक्सवॅगनचे काही इंजिनियर गोल्फची एक चपळ आवृत्ती घडवत होते. १९७६ मध्ये गोल्फ जीटीआय बाजारात आली: १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवर, वजन ८१० किलो. सुरुवातीला ५,००० गाड्यांचा विचार होता, पहिल्या पिढीतच साडेचार लाखांच्या वर खपल्या. टर्बो हरली आणि जीटीआय जिंकली, यात नशिबाचा भाग असेल. पण वजनाचा भाग मोठा आहे.

वजन हा शब्द आपल्याकडच्या गाडीच्या गप्पांत कमी येतो, आणि मला त्याची खंत वाटते. गप्पा पॉवरच्या होतात, टॉर्कच्या होतात, शून्य ते शंभरच्या सेकंदांच्या होतात. घाटात मात्र वजनच बोलतं.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाव चाकांपर्यंत पोचते असं धरू, म्हणजे ८. आता वळणापूर्वी ८० वरून ३० किलोमीटरवर यायचं आणि पुढे पुन्हा ८० गाठायचं. प्रत्येक वेळी १००० किलोच्या गाडीला २१२ किलोज्यूल लागतात, १८०० किलोच्या एसयूव्हीला ३८२. हवेचा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला, तर एका लिटरमध्ये हलकी गाडी ३७ वळणांतून बाहेर पडते आणि जड गाडी २१ मधून. खोपोलीहून लोणावळ्याची साडेपाचशे मीटर उंची नुसती चढायची म्हटलं तरी हलकीला पाऊण लिटरहून थोडं कमी आणि जडीला सव्वा लिटरच्या आसपास लागतं. उतारावर ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता बनून जाते, म्हणून जड गाडीला डिस्क मोठ्या, मोठ्या डिस्कला चाकं मोठी, मोठ्या चाकांना टायर रुंद. वजन वजनाला ओढून आणतं. टायरची आणि ब्रेकपॅडची झीज हवेत मिसळते ती वेगळीच. युरोपच्या युरो ७ नियमांनी ब्रेकच्या धुळीवरही पहिल्यांदा मर्यादा घातली आहे, आणि तिथे दोन टनांच्या इलेक्ट्रिक गाडीलाही उत्तर द्यावं लागेल.

१९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५ हीच जाण ठेवून बनली: टनाच्या आतलं वजन, १.६ लिटर, मागच्या चाकांवर चालणारी. दहा लाखांहून अधिक बनल्या. भारतात ती कधी विकलीच गेली नाही. आपल्या वाट्याला आली होती ती गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, १९९० च्या दशकाच्या अखेरीस: दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉच्या छोट्या साठेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाची. तिची बांधणी परिपूर्ण नव्हती, पण कल्पना अस्सल होती. तशी गाडी आज कोणी आपल्या रस्त्यांसाठी हजार किलोत बनवली, तर पेट्रोलचे भाव हा तिच्या विरोधातला मुद्दाच राहणार नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनात भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. तंत्र उत्तम आहे, पण त्याच गाडीत शंभर किलो कमी करणं मला त्याहून मोलाचं वाटतं.

घाटात पेट्रोल वाचवणं आणि छान चालवणं या दोन गोष्टी जवळजवळ एकच आहेत. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर संपवायचा. गिअर वळणात शिरण्यापूर्वी बदललेला असावा. वळणातून जितका वेग सांभाळून नेता येईल तितका पुढे कमी कमवावा लागतो. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला की इंजेक्शन असलेल्या इंजिनात पेट्रोल पूर्ण बंद होतं, साधारण १५०० आरपीएमच्या खाली येईपर्यंत. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलचं पेट्रोल जळत राहतं आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. टर्बो गाडी असेल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे, म्हणजे पोचल्यावर उभ्या उभ्या आयडल करत बसावं लागत नाही.

आता ई-२० चा प्रश्न, ज्यावर सध्या सर्वांत जास्त राग आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते आणि ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. ॲव्हरेज तेवढं घसरलं तर ते ई-२० चं. वीस टक्के घसरलं तर कारण दुसरीकडे आहे, आणि ते शोधायला हवं.

इंजेक्शनची गाडी यातून स्वतःच वाट काढते. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ईसीयूचे आकडे वाचणारा हजार-दीड हजाराचा ओबीडी स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो, ते पाहावं. जुन्या गाडीत तो अधिक ६ ते ८ दाखवत असेल तर चिंता नाही. अधिक १५ च्या पुढे गेला तर इंजेक्टर, पंपाचा दाब किंवा हवेची गळती तपासावी. धोका खरा आहे तो रिमॅप केलेल्या, म्हणजे जास्त पॉवरसाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेल्या गाड्यांना. स्टेज १, म्हणजे पहिल्या पायरीच्या रिमॅपमध्ये, इंजेक्टर आधीच ८५ टक्के वेळ उघडे असतील तर ई-२० ला लागणारं जादा पेट्रोल द्यायला जागाच उरत नाही, आणि पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर मिश्रण पातळ होतं. जुना रिमॅप असेल तर लॉग काढून ट्यूनरकडून तपासून घ्यावा. उलट, नीट ट्यून केलेल्या टर्बो इंजिनाला इथेनॉल मानवतं: ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, कमी.

कार्ब्युरेटरची गाडी मात्र बिचारी स्वतः काही करू शकत नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं, प्लगचं पांढरं पोर्सिलेन खडूसारखं पांढरंफटक दिसू लागतं. प्रवाह सात टक्के वाढवायचा तर जेटचा व्यास साडेतीन टक्के वाढवावा लागतो. ११५ चा मेन जेट असेल तर १२० पर्यंत जाऊन प्लग पुन्हा वाचावा: फिका तपकिरी रंग आला की थांबावं. रबरी नळ्या मऊ पडतात, त्यावर नख दाबून पाहावं. खूण तशीच राहिली तर नळी बदलायची, आणि नवी घेताना एसएई जे३० आर९ असा छाप असलेलीच घ्यावी. इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सुटा करतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फ्युएल फिल्टर बदलावा. आणि गाडी पावसाळाभर झाकून ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, ते फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंपाचं तोंड तिथेच असतं.

पीयूसी हा यातला सर्वांत दुर्लक्षिलेला कागद. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. २५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये. प्रमाणपत्रावर छापलेले हे आकडे वर्षागणिक लिहून ठेवावेत. हायड्रोकार्बन २० वरून ९० वर आला तरी गाडी पासच होते, पण तिच्यात काहीतरी बिघडू लागलेलं असतं. यासाठी चाचणी खरोखर व्हायला हवी: इंजिन गरम, नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी खोल, आणि २५०० आरपीएमची फेरी न टाळता.

रविवारची फेरी संपवून गाडी घरी आली, इंजिन बंद झालं आणि धातू निवताना टिकटिक करू लागला, की नळी थोडी निवू द्यावी आणि पांढऱ्या फडक्यात बोट गुंडाळून आतल्या कडेवरून फिरवावं. कोरडा, राखाडी-तपकिरी डाग आला तर ठीक. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात थोडी कोरडी काळी काजळी नेहमीचीच. भुरभुरीत काजळी दाट असेल तर मिश्रण घट्ट आहे, ट्रिम बघायचा. आणि फडक्यावर चिकट, तेलकट काळं उमटलं तर इंजिन ऑइल पीत असेल: ऑइलची डिपस्टिक काढायची, पातळी आणि किलोमीटर वहीत लिहायचे आणि पुढच्या हजार किलोमीटरला पुन्हा मोजायची.